मॅडमचे यजमान पश्चिमेला गेले

माझं इंग्रजी चाचांच्या ओट्यावर तयार झालं, त्यामुळे ते निदान पन्नास वर्षं जुनं होतं. बी.ए.ला जाईपर्यंत मला हे ठाऊकच नव्हतं.

चाचा म्हणजे चंद्रपूरजवळच्या मूल गावातले आमचे शेजारी. तरुणपणी ते जंगल खात्यात नकाशे काढायचे. इंग्रज गेले तेव्हा ते विशीत होते. त्याआधीची काही वर्षं त्यांनी एका म्हाताऱ्या साहेबाच्या हाताखाली काढली होती. साहेब एकटा राहायचा. संध्याकाळ झाली की तंबूबाहेर खुर्ची टाकून पश्चिमेकडे तोंड करून बसायचा आणि घरची आठवण काढत काहीबाही बोलायचा. समोर ऐकायला चाचाच असायचे. साहेब गेला, नोकरी संपली, चाची गेल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, पण ते शब्द राहिले. आणि चाचांकडचे बहुतेक शब्द पश्चिमेचे होते.

मी सातवीत होते तेव्हापासून त्यांना रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवायची. वाचून झालं की चाचा इंग्रजी शिकवायचे. ओट्यासमोर बाजाराचा रस्ता होता आणि त्यापलीकडे राइस मिलचं धुराडं. सूर्य धुराड्याला टेकला की चाचा बोट दाखवायचे.

"बोल बेटी. द वेस्टरिंग सन."

"द वेस्टरिंग सन," मी म्हणायची.

"सेटिंग तर कोणीबी म्हणते. सेटिंग म्हणजे बुडाला, खतम. वेस्टरिंग म्हणजे निघाला आहे, चालून राह्यला आहे. फरक समझी?"

पश्चिमेकडून येणारा मंद वारा म्हणजे झेफिर. पश्चिमेचं, संध्याकाळच्या ताऱ्याच्या बाजूचं, ते हेस्पेरियन. पश्चिमेकडचे सगळे देश मिळून ऑक्सिडेंट. हे शब्द मी शाळेत कधी वाचले नाहीत, पेपरात कधी पाहिले नाहीत. पण मला वाटायचं, मोठ्या शहरातली माणसं असंच बोलत असणार.

बी.ए.च्या पहिल्या वर्षी मी निबंधात लिहिलं की विज्ञानाची प्रगती ऑक्सिडेंटमध्ये आधी झाली. सरांनी त्या शब्दाभोवती लाल गोल काढला, वर 'ॲक्सिडेंट' असं दुरुस्त करून लिहिलं आणि वर्गात विचारलं, "विज्ञानाची प्रगती अपघातात झाली म्हणतेस का?" वर्ग खदखदून हसला. बी.ए. संपेपर्यंत माझं नाव 'ॲक्सिडेंट'च राहिलं. चाचांना सांगितलं तर ते काठी घेऊन उठलेच. "चल, मले तुझ्या कॉलेजात घेऊन चल. कोण मास्तर आहे पाहतो." मी आणि बाबांनी मिळून त्यांना कसंबसं खाली बसवलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझं बी.ए. झालं होतं, पुढचं काही ठरत नव्हतं. श्रावणातल्या एका सकाळी चाचांचे जावई आमच्या दारात जीप घेऊन उभे राहिले. ते भाड्यानं जीप चालवायचे. मी त्यांना भाऊ म्हणायची.

"तू इंग्रजी बोलते ना?" भाऊ म्हणाले. "लवकर चल. रेस्ट हाउसवर एक अंग्रेज बाई बसली आहे. दोन तास झाले, ती काय म्हणून राह्यली मले समजून नाई राह्यलं, आणि मी काय म्हणतो ते तिले."

झालं होतं असं की ही बाई नागपूरहून भामरागडला निघाली होती. सोबत एक दुभाषा मुलगा होता. वाटेत त्या मुलाचं पोट बिघडलं, तो चंद्रपुरातूनच बसनं परतला. आणि भाऊ तिला जीपमधून घेऊन मूलला पोहोचले तर बातमी आली की भामरागडच्या नदीचं पाणी पुलावर चढलं आहे, रस्ता बंद. कधी सुटेल सांगता येत नाही. बाई मूलमध्येच अडकली.

मी चाचांनाही चला म्हटलं. चाचांचा चेहरा पडला. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "आज नाई. दाढीले मेहंदी लावलेली नाई. उद्या पाहू."

रेस्ट हाउसच्या वऱ्हांड्यात सत्तरीची एक उंच, हडकुळी बाई बसली होती. पांढरे केस पुरुषासारखे कापलेले, पायात चिखलानं माखलेले बूट. मी वाटेत जुळवून ठेवलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं: "मॅडम, फ्रॉम विच पार्ट ऑफ द ऑक्सिडेंट डू यू हेल?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हसायला लागली, ती थांबेचना. मला कॉलेजचा वर्ग आठवला आणि कान गरम झाले. पण तिनं माझा हात धरला आणि मला शेजारच्या खुर्चीत बसवलं. ती सावकाश, मला समजेल अशा इंग्रजीत म्हणाली, "पोरी, माझे आजोबासुद्धा इतकं जुनं बोलत नव्हते. पण विचारलंस ते बरोबर विचारलंस. मी त्या ऑक्सिडेंटच्या अगदी पश्चिम टोकाची. आमच्या गावापुढे जमीन नाही, नुसता समुद्र."

मग तिनं येण्याचं कारण सांगितलं. तिच्या गावचे कोळी वेताच्या काड्यांचे सापळे विणून समुद्रात टाकायचे. तिचं लग्नही अशाच घरात झालं होतं. आता तिकडे सगळे लोखंडाचे आणि नायलॉनचे सापळे आले. कुणीतरी तिला भामरागडकडचा बांबूचा मासे धरायचा सापळा फोटोत दाखवला, तो हुबेहूब तिच्या घरच्यासारखा दिसत होता. तेव्हापासून तो डोळ्यांनी पाहायचा तिनं ध्यास घेतला होता.

"त्यासाठी भामरागडला कशाला जायला पाहिजे?" मी म्हटलं. "सापळे तर आमच्या इथेही विणतात."

दुसऱ्या दिवशी भाऊ आम्हाला मूलपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात घेऊन गेले. गाव ढिवरांचं. मोठा तलाव, तलावाच्या बांधाखाली, म्हणजे पाळीखाली, धानाच्या बांध्या, आणि पाळीला लागून मासे धरणाऱ्यांची घरं. तिथे माझ्या आईच्या ओळखीची एक आजी राहायची. बाजाराच्या दिवशी मूलला मासे विकायला यायची तेव्हा आमच्याकडे पाणी प्यायला थांबायची. तिच्या नवऱ्याला सगळं गाव आबाजी म्हणायचं; ते सापळे विणायचे.

आम्ही गेलो तेव्हा आबाजी पडवीत बसून बांबूच्या काड्या तासत होते. समोर अर्धा विणलेला सापळा पडला होता. लांबट, पोटात फुगलेला, आणि तोंडाशी काड्या आत वळवलेल्या, म्हणजे मासा आत शिरतो पण बाहेर येत नाही. मॅडमनं बूट काढले, चिखलातच मांडी घातली आणि तो सापळा मांडीवर घेतला. तिची बोटं सापळ्यावरून फिरली ती सरळ तोंडापाशी गेली आणि एक काडी जराशी सैल होती, ती तिनं दाबून पाहिली. आबाजींनी हातातला कोयता खाली ठेवला.

"हे बाई मासोळ्या धरणाऱ्याच्या घरची हाये," ते म्हणाले.

आजी चहा घेऊन आली. मॅडमला आपादमस्तक पाहून तिनं मला विचारलं, "एवढ्या दुरून एकटीच काऊन आली व? तिचा बुढा कुठी हाये?"

मी मॅडमला तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं. मॅडमनं सापळ्यावरची नजर न काढता उत्तर दिलं, "ओह, ही हॅज गॉन वेस्ट, माय डिअर."

पश्चिमेचा शब्द. मला इतका आनंद झाला! "त्याइचा बुढा पश्चिमेले गेला म्हणते," मी सांगितलं.

"बुडतीकडं?" आजीचा चेहरा एकदम उजळला. त्या गावात पश्चिमेला बुडती म्हणत, आणि बुडतीकडं जाणं म्हणजे घुग्घुसकडे कामाला जाणं. धानाची रोवणी आटोपली की गावातले तरणे लोक कोळसा खाणीत, सिमेंटच्या कारखान्यात जायचे. "माह्याही पोरगा बुडतीकडंच हाये, घुग्घुसले. सुटी भेटली का फटफटीवर येते. इचार तिले, तिचा बुढा कवा येईन?"

मी विचारलं, "व्हेन शॅल ही रिटर्न, मॅडम?"

मॅडमनं आता मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग तलावाकडे पाहिलं. "तो नाही येणार," ती म्हणाली. "मीच जाईन त्याच्याकडे, एक ना एक दिवस."

मी जसंच्या तसं सांगितलं.

"बेस हाये," आजी म्हणाली. "बाईनंच जावं. माणसाले म्हातारपनी एकटं ठेवू नाई. खाते का नाई, पाह्यते कोन?"

तो आठवडाभर आम्ही रोज त्या गावी गेलो. मॅडम पडवीत बसून विणायला शिकली. तिकडच्या वेताच्या काड्या भिजवून वाकवायच्या असतात, इकडचा बांबू तासून; तिची दोनदा बोटं कापली आणि दोन्ही वेळा आबाजींनी हळद चेपली. आबाजी बोलायचे झाडीबोलीत, ती इंग्रजीत. पहिले दोन दिवस मी मधे होते. तिसऱ्या दिवसापासून दोघं मला विसरूनच गेले. मी आजीजवळ चुलीपाशी बसायला लागले.

मॅडमचा नवरा मासे धरणारा आहे हे कळल्यावर आबाजींनी स्वतःच ठरवलं: त्याच्यासाठी एक सापळा विणायचा. "तिकडची मासोळी केवढी रायते, इचार," त्यांनी मला सांगितलं.

मॅडम म्हणाली, त्यांच्याकडे मासे नाही, लॉबस्टर धरतात. लॉबस्टर काय हे मलाही माहीत नव्हतं. तिनं जमिनीवर काडीनं चित्र काढलं. मिशा, नांग्या, शेपटी.

"झिंगा हाये हा!" आजी म्हणाली.

मॅडमनं दोन्ही हात पसरून त्याचं माप दाखवलं. पडवीत जमलेली सगळी माणसं हसायला लागली. एवढा झिंगा कुणी पाहिलाय? पण आबाजी हसले नाहीत. ते उठले, घरामागे जाऊन जाड बांबू घेऊन आले. "एवढा झिंगा असंल तं तोंड मोठं पाह्यजे," ते म्हणाले आणि कामाला लागले.

गावात गोष्ट पसरली. कुणीही पडवीवरून जाताना विचारायचं, तिच्या बुढ्याचा सापळा कुठपर्यंत आला? ज्याचं त्याचं काहीतरी सांगणं असायचं. त्याले सांगजो, पान्यात जास्त वेळ उभा नोको राहू, गुडघे धरतात. त्याले सांगजो, तोंड पान्याच्या धारेकडं ठेव. आजीनं उन्हाळ्यात वाळवलेले झिंगे मडक्यातून काढून फडक्यात बांधून ठेवले. "हे त्याले दे म्हना. लहान हायेत, पन चव पाय म्हना."

मी हे सगळं मॅडमला सांगायची तेव्हा 'फॉर युअर हजबंड' असं म्हणायची. ती दर वेळी थोडी थबकायची, मग म्हणायची, "किती भले लोक आहेत." तिला वाटत होतं, हे लोक त्याच्या आठवणीसाठी म्हणून देत आहेत.

मला शंका आली ती एका शब्दावरून. आबाजींनी विचारलं होतं, "तिचा बुढा रागीट हाये का?" मॅडम हसली आणि म्हणाली, "गुंतलेल्या दोरीला शिव्या देणाऱ्या कोळ्यांत त्याच्याइतका मऊ माणूस नव्हता." तिनं 'वॉज' म्हटलं होतं. मी ते आबाजींना 'हाये' करून सांगितलं आणि मग माझ्या लक्षात आलं, ती आठवडाभर असंच बोलत होती. तो विणायचा. तो म्हणायचा. त्याला आवडायचं.

त्या संध्याकाळी मी घरी न जाता सरळ चाचांच्या ओट्यावर गेले. चाचा बशीत चहा ओतत होते. त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "बाई काय म्हणते?" रोज विचारायचे, आणि रोज रेस्ट हाउसवर न येण्याचं एक नवं कारण सांगायचे. मेहंदी आली होती तर पायजमा धुवायला टाकलेला, पायजमा वाळला तर गुडघा दुखत होता.

"चाचा," मी म्हटलं, "गॉन वेस्ट म्हणजे काय?"

चाचांनी बशी खाली ठेवली.

"कोण गॉन वेस्ट?"

"मॅडमचे यजमान."

"इन्ना लिल्लाह," चाचा पुटपुटले. मग म्हणाले, "बेटी, तो तर गुजर गया. आमचा साहेब बोलायचा. लढाईत त्याचा दोस्त मेला, तार आली, तर साहेब बोलला, ही हॅज गॉन वेस्ट. मी बी तेव्हा येड्यासारखा इचारलं होतं, कोणत्या गावाले?"

"तुम्ही मला हा कसा नाही शिकवला?"

"लेकरांना शिकवायचा शब्द आहे का तो?"

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये मी हळूच भाऊंना सांगितलं. त्यांनी इतका जोरात ब्रेक मारला की मागे बसलेली मॅडम पुढच्या सीटवर आदळली. "अरे बाप रे," भाऊ म्हणाले. "आणि ती बुढी तर त्याच्यासाठी झिंगे बांधून राह्यली!" मॅडमला वाटलं रस्त्यात गाय आडवी आली. ती काचेतून गाय शोधायला लागली.

मला वाटलं, आधी आजीला एकटीला गाठावं. मी सरळ स्वयंपाकात गेले. आजी चुलीत लाकूड सारत होती.

"आजी, मॅडमचा बुढा नाई."

"नाई म्हंजे?"

"वारला. पश्चिमेले गेला म्हंजे वारला. तिकडं तसं म्हनतात. मले मालूम नोयतं."

आजीचा हात लाकडावरच राहिला. तिच्या मनात काय काय फिरत असेल ते मला दिसत होतं: तो सापळा, ते निरोप, ते फडकं. आणि मग एकाएकी तिचे डोळे मोठे झाले.

"अवं माय! अन् हे तं म्हने, मीच जाईन त्याच्याकडं!"

मी काही म्हणायच्या आत आजी उठली आणि पदर सावरत बाहेर धावली. मॅडम पडवीत नुकतीच बसत होती. आजीनं तिचे दोन्ही हात मनगटांपाशी गच्च धरले. "नोको जाऊ व बाई," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "इतक्यात नोको जाऊ. तुह्यं काय वय झालं? चांगले हातपाय चालून राह्यले. नोको जाऊ."

मॅडम घाबरून माझ्याकडे पाहायला लागली. "ती काय म्हणतेय?"

"ती म्हणते, जाऊ नका."

"पण मी गुरुवारपर्यंत आहे की," मॅडम म्हणाली.

आता सगळं सांगण्यावाचून इलाज नव्हता. मी सांगितलं. पश्चिमेला गेला म्हणजे आमच्याकडे घुग्घुसला गेला, तिकडून माणूस सुटीत परत येतो. हा सापळा त्याच्या आठवणीसाठी नाही, त्यानं वापरावा म्हणून विणला आहे. गावानं त्याच्या गुडघ्यांची काळजी केली ती तो जिवंत आहे असं समजून. आणि आजीला आता वाटतंय की तुम्ही जीव देणार आहात. सांगताना माझं इंग्रजी पार अडखळलं. मॅडम ऐकत होती. तिचे हात अजून आजीच्या हातांत होते.

आबाजी शेवटची गाठ मारत होते, त्यांची बोटं थांबली.

"म्हणजे आठवडाभर," मॅडम हळूच म्हणाली, "या सगळ्यांसाठी तो जिवंत होता?"

"हो," मी म्हटलं.

ती हसायला लागली. वऱ्हांड्यात पहिल्या दिवशी हसली होती तशीच, थांबता थांबेना अशी. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती आजीच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत राहिली, की रडत राहिली, ते मी सांगू शकत नाही. आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत मला विचारत होती, "काय झालं? काय म्हनते?"

"ती म्हणते," मी भाषांतर केलं, "की हे ऐकायला तो इथे असता तर हसून हसून होडीतून खाली पडला असता. आणि ती जीव देणार नाही, आजी. तिकडं तसं बोलायची रीत आहे."

"वाईट रीत हाये," आजी म्हणाली आणि डोळे पुसले. "सिदं सांगावं."

मग आबाजींनी तो सापळा उचलून मॅडमपुढे धरला. "आता हा काय कराचा, इचार तिले," ते मला म्हणाले.

मॅडम म्हणाली, आधी पाण्यात टाकून पाहू. नवा सापळा न टाकता नेला तर तो मला कधी माफ करणार नाही.

तलाव भरून सांडव्यावरून पाणी वाहत होतं. आबाजी कमरेपर्यंत पाण्यात उतरले. मॅडमही उतरली, कुणाचं न ऐकता. दोघांनी सापळ्याचं तोंड धारेकडे करून तो दगडांत बसवला. गावातली निम्मी माणसं पाळीवर उभी राहून सूचना देत होती. तो हाताएवढ्या झिंग्यासाठी विणलेला सापळा होता, त्याच्या काड्या इतक्या विरळ होत्या की बोटभर मासोळ्या आत जाऊन आरामात बाहेर पडत होत्या, आणि पाळीवरची पोरं दर मासोळीला ओरडत होती. दुपार कलेपर्यंत त्यात एकच मासा राहिला, पण तो चांगला दंडाएवढा मरळ होता. आबाजींनी तो सापळ्यातून काढला तेव्हा मॅडमनं असा आवाज काढला की भाऊ पाळीच्या पलीकडून धावत आले.

आजीनं त्याचं कालवण केलं. वाढताना मॅडमच्या ताटात दोन तुकडे जास्त टाकले. जेवताना आजी नवऱ्याबद्दल विचारत होती, आणि या वेळी मी 'होता' असंच सांगत होते. कसा होता, कशानं गेला, लेकरं किती. मॅडमनं सांगितलं, छातीच्या दुखण्यानं गेला, अंथरुणात, खिडकी उघडी ठेवायला सांगून. लेकरं नव्हती. आजी म्हणाली, "त्याच्या वाट्याचं तू खाल्लं, आता झालं." मॅडमला मी ते सांगितलं तेव्हा तिनं ताट पुसून खाल्लं.

त्या संध्याकाळी मी परत आले तर चाचा ओट्यावर तयार होऊन बसले होते. दाढी लालभडक, अंगात लग्नाकार्याची शेरवानी. "घेऊन ये तिले," ते म्हणाले. "ज्याच्या घरी मौत झाली त्याले भेटायले जायला पाहिजे होतं. मी आपलाच शरमत बसलो."

मॅडम आली. चाचा काठीवर भार देऊन उभे राहिले, हात पुढे केला आणि म्हणाले, "हाउ डू यू डू, मॅडम." त्यानंतर त्यांचं इंग्रजी संपलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा समोर खरी इंग्रज बाई, आणि चाचांना एक वाक्य आठवेना. त्यांनी घाम पुसला आणि हिंदीत सुरुवात केली. तिच्या यजमानांविषयी दुःख सांगितलं, साहेबाची गोष्ट सांगितली, तंबू, खुर्ची, तार. मी भाषांतर करायला गेले तर मॅडमनं हातानं मला थांबवलं. ती चाचांच्या चेहऱ्याकडे पाहत ऐकत राहिली. मधे 'झेफिर' आला, 'वेस्टरिंग' आला, आणि तेवढ्या खुणांवरून तिला वाट सापडत असावी.

चहा झाल्यावर चाचांना धीर आला आणि इंग्रजी परतलं. मग मात्र त्यांनी परीक्षाच घेतली. "हेस्पेरियन, यू नो, मॅडम?" मॅडमनं मान हलवली, हा शब्द तिनं पुस्तकात पाहिल्यासारखा वाटत होता, पण कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. चाचांनी तिला तो समजावून सांगितला, संध्याकाळच्या ताऱ्यासकट. ती लहान मुलीसारखी त्यांच्या पाठोपाठ म्हणत होती. मग तिनं चाचांना तिच्या गावची पश्चिमेच्या वाऱ्याची दोन-तीन नावं सांगितली, जी त्यांना ठाऊक नव्हती. चाचांनी ती मला लगेच पाठ करायला लावली.

गुरुवारी सकाळी आमच्या दारातून जीप नागपूरला निघायची वेळ झाली तेव्हा सापळा मागच्या सीटवर मावेना, म्हणून मॅडमनं तो पुढे स्वतःच्या मांडीवर घेतला. तिला समोरचं काही दिसत नव्हतं. भाऊ गाडी सुरू करणार तेवढ्यात पहिल्या एस.टी.तून आबाजी उतरले आणि धोतर धरून धावत आले. काखेत तासलेल्या बांबूच्या काड्यांचा भारा होता.

"तिकडं बांबू भेटते का नाई, कोनाले मालूम," ते म्हणाले. "एकादी मोडली तं बदलाले होईन. अन् हे बुढीनं देल्लं." वाळलेल्या झिंग्यांचं फडकं त्यांनी खिडकीतून मॅडमच्या हातात दिलं.

काड्या मावत नव्हत्या. त्या खिडकीतून हातभर बाहेर राहिल्या. बाजाराच्या रस्त्यानं जीप गेली तेव्हा सायकलवाले त्यांना चुकवत बाजूला होत होते. मॅडमचा हात सापळ्याच्या मागून बाहेर आला आणि वळणापर्यंत हलत राहिला.

आबाजींना आईनं चहाला थांबवून घेतलं. चाचा ओट्यावर बसून मघापासून काहीतरी विचार करत होते.

"बाई फार चांगली आहे," शेवटी ते म्हणाले. "दिल की साफ. पर बेटी, तिचं ग्रामर थोडं कच्चं आहे."